सागरतळीचा श्वास

मनुष्य अन्नावाचून काही आठवडे तग धरू शकतो. पाण्यावाचून काही दिवस काढू शकतो. परंतु श्वासावाचून त्याला चार-पाच मिनिटे काढणेही कठीण होते. भूमीवर वावरताना या श्वासाची आपणांस आठवणही होत नाही. हवा सर्वत्र भरून राहिलेली आहे आणि ती कोणाकडे मागावी लागत नाही. मात्र नदीत किंवा विहिरीत बुडी मारणाऱ्या मुलाला श्वासाचे मोल तत्काळ कळते. पाण्याखालचे हिरवे-निळे जग डोळ्यांपुढे उघडत असते, तळाचा गुळगुळीत दगड आता हाताला लागणार असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी छाती फुटू पाहते व वर धाव घ्यावी लागते. पृथ्वीचा सुमारे 71 टक्के पृष्ठभाग सागराने व्यापलेला आहे; तरीही हजारो वर्षे त्याच्या अंतरंगाचे दार या एकाच कारणाने मनुष्याला बंद होते. ते दार ज्यांनी सर्वसामान्य माणसासाठी उघडले, त्यांत जाक-ईव्ह कुस्तो यांचे नाव अग्रभागी आहे.

कुस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. लहानपणी जाकची प्रकृती अशक्त होती. दगदगीचे खेळ त्याला वर्ज्य होते; परंतु पाण्याची ओढ मात्र त्याला विलक्षण होती. वडील एका अमेरिकन धनिकाकडे नोकरीस असल्यामुळे कुटुंबाला वारंवार प्रवास करावा लागे. जाक दहा वर्षांचा असताना हे कुटुंब काही काळ अमेरिकेत राहिले. तेथे उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मुलांच्या एका शिबिरात गेला. शिबिराजवळच्या सरोवराच्या तळाशी झाडांच्या वाळलेल्या फांद्या रुतून बसल्या होत्या आणि त्या पोहणाऱ्यांच्या पायांत अडकत. त्या काढून टाकण्याचे काम शिक्षकांनी जाकला दिले. पुन्हा पुन्हा बुड्या मारून तो फांद्या वर आणू लागला. गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवून आणि श्वास रोखून केलेले ते काम त्याला शिक्षा न वाटता खेळ वाटले. अशक्त मुलाला आपली विद्या सापडली होती.

यंत्रांचेही त्याला तितकेच वेड होते. खाऊचे पैसे साठवून त्याने चलच्चित्रे घेण्याचा एक कॅमेरा विकत घेतला, आणि पहिले काम केले ते म्हणजे तो सुटा करून त्याच्या आत काय आहे ते पाहिले. शाळेच्या अभ्यासात मात्र त्याचे मन रमेना. एकदा तर त्याने शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या आणि त्याला शाळा सोडावी लागली. पुढे कडक शिस्तीच्या एका शाळेत त्याची रवानगी झाली. तेथे तो सुधारला, मन लावून शिकला आणि 1930 साली ब्रेस्त येथील नाविक विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला.

नौदलात अधिकारी झाल्यावर वैमानिक होण्याची आकांक्षा तरुण कुस्तोंनी धरली होती. परंतु दैवाने निराळेच योजिले होते. मोटारीच्या एका भीषण अपघातात त्यांचे दोन्ही हात मोडले. हाडे जुळली, तरी हातांतील शक्ती परतण्यास फार काळ लागला आणि वैमानिक होण्याची आशा कायमची मावळली. त्यानंतर त्यांची नेमणूक भूमध्य समुद्राच्या काठी तुलाँ या बंदरात झाली. हातांना बळकटी यावी म्हणून ते रोज समुद्रात पोहू लागले. 1936 साली त्यांचे मित्र व सहकारी फिलिप तायए यांनी त्यांना पाण्यात घालण्याचा एक चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी पाण्यात डोके बुडविले मात्र, आणि समोर एक अपूर्व नगरी उभी राहिली! खडकांवर डुलणारी रंगीबेरंगी वनस्पती, तिच्यातून वाट काढणारे चंदेरी मासे, वरून झिरपणारे ऊन! डोके वर काढावे तर काठावरून जाणारी वाहने व दिव्यांचे खांब. पुन्हा खाली घालावे तर ते निःशब्द जग! त्या दिवसापासून आकाशाचा ध्यास सुटला आणि सागराचा लागला.

तायए यांच्यामार्फत लवकरच फ्रेदेरिक द्युमा नावाचा एक निष्णात बुडीबहाद्दर तरुण त्यांना येऊन मिळाला. 1937 साली कुस्तोंचा विवाह सिमोन मेलशियोर यांच्याशी झाला. नौदलातल्याच घराण्यात वाढलेल्या सिमोनबाईंनाही समुद्राची तितकीच आवड होती. या मंडळींचा बहुतेक मोकळा वेळ पाण्यात जाई. परंतु प्रत्येक बुडी मिनिट-दीड मिनिटात संपे. पाहण्यासारखे पुष्कळ होते आणि पाहण्यास वेळ नव्हता. पाण्याखाली माशाप्रमाणे मुक्तपणे विहार करावयाचा, तर श्वासाचे एखादे साधन सोबत हवे होते. असे साधन कोणते निवडावे, या प्रश्नाने कुस्तोंना घेरले.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. हवेने भरलेली पिशवी सोबत नेली की काम भागले, असे कोणास वाटेल. परंतु पाणी जड असते. दर 10 मीटर खोलीला शरीरावरचा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो. 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तर 30 मीटरवर चौपट. एवढा भार छातीवर असताना साधी हवा फुप्फुसांत ओढता येत नाही. भोवतालच्या पाण्याचा जितका दाब, नेमक्या तितक्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे; थोडी कमी मिळाली तर छाती फुलत नाही, आणि अधिक मिळाली तर फुप्फुसांस इजा होते. शिवाय पाणबुड्या क्षणात खाली जातो, क्षणात वर येतो. म्हणजे हवेचा दाबही क्षणोक्षणी बदलत राहिला पाहिजे.

त्या काळी उपलब्ध असलेली साधने कुस्तोंनी एकामागून एक पारखून पाहिली. पहिले साधन जुन्या पद्धतीच्या पाणबुड्यांचे. डोक्यावर तांब्याचे भारी शिरस्त्राण, पायांत शिशाचे बूट आणि वरच्या होडीतून पंपाने हवा पुरविणारी लांब नळी. असा पाणबुड्या तळावर जड पावलांनी चालू शकतो, पण पोहू शकत नाही. दावणीला बांधलेल्या जनावराप्रमाणे तो नळीने बांधलेला असतो. दुसऱ्या साधनात शिरस्त्राण नव्हते, तरी नळी होतीच. एकदा बुडी चालू असताना ती नळीच तुटली. कुस्तोंनी प्रसंगावधान राखून घसा आवळून धरला, म्हणून फुप्फुसांतील हवा ओढली गेली नाही आणि ते बचावले. तिसरे साधन फ्रेंच नौदलातील ईव्ह ल प्रियर या अधिकाऱ्याने तयार केले होते. त्यात संकोचित हवेचे नळकांडे पाणबुड्याच्या अंगावरच असे. त्यामुळे तो बंधनमुक्त होई. परंतु हवा सोडण्याची झडप हाताने फिरवावी लागे आणि हवा सतत वाहत राही. घेतलेल्या श्वासापेक्षा वाया गेलेली हवाच अधिक! नळकांडे बघता बघता रिते होई.

चौथे साधन कुस्तोंनी स्वतःच योजिले. त्यात शुद्ध ऑक्सिजन वायू वापरला होता. सोडलेला श्वास एका रसायनातून शुद्ध होऊन पुन्हा उपयोगी पडे. त्यामुळे लहानशा नळकांड्यावर बराच वेळ पाण्याखाली राहता येई. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. त्याच्यापासून अपाय तो कसला होणार? परंतु सुमारे 14 मीटर खोलीवर पोचताच कुस्तोंचे ओठ थरथरू लागले, पाठ मागे वाकली आणि सर्वांगाला आचके बसू लागले. शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे शिशाचे वजन सोडून देण्याचे भान त्यांना राहिले, म्हणून ते वर तरंगत आले आणि मित्रांनी त्यांना होडीत घेतले. उपकरणात सुधारणा करून ते पुन्हा उतरले. पुन्हा तोच प्रकार घडला. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन हा प्राणवायू न राहता विषासमान होतो, हा धडा त्यांनी प्राण पणाला लावून घेतला. आज शुद्ध ऑक्सिजन घेऊन सुमारे 6 मीटरपेक्षा खोल जाऊ नये, असा दंडक आहे. दोन वेळा मृत्यूच्या दारातून परतल्यावर कुस्तोंनी ते साधन बाजूस ठेवले. आपण योजिलेली वस्तू सदोष आहे हे मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. तो त्यांच्या ठायी होता.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. 1940 साली फ्रान्सचा पराभव होऊन जर्मन सैन्याने देशाचा मोठा भाग व्यापला. अन्नाची टंचाई झाली. पेट्रोल तर दिसेनासे झाले. तथापि याच टंचाईने कुस्तोंच्या प्रश्नाचे उत्तर जवळ आणले. पेट्रोलअभावी फ्रान्समधील पुष्कळ मोटारी ज्वलनवायूवर चालू लागल्या होत्या. इंजिनाला जेव्हा व जितका वायू हवा, तेव्हा तितकाच आपोआप पुरविणारी एक झडप एमील गान्यां नावाच्या अभियंत्याने तयार केली होती. ते पॅरिसमध्ये वायू तयार करणाऱ्या एर लिकीद या मोठ्या कंपनीत काम करीत असत. सिमोनबाईंचे वडील याच कंपनीत अधिकारी होते. 1942 सालच्या डिसेंबर महिन्यात कुस्तो गान्यां यांना भेटले आणि त्यांनी आपली अडचण त्यांच्यापुढे मांडली. इंजिनाला वायू पुरविणारी झडप माणसाला हवा का पुरविणार नाही? दोघांनी मिळून काम आरंभिले आणि काही आठवड्यांतच एक नवे उपकरण आकारास आले. त्यालाच आज जगभरचे पाणबुडे रेग्युलेटर, म्हणजे श्वासनियंत्रक, असे म्हणतात.

मागणीप्रमाणे हवा देण्याची ही कल्पना अगदीच नवी होती, असे मात्र नाही. 1860 नंतरच्या दशकात रूकेरोल नावाच्या खाण-अभियंत्याने व देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याने अशा प्रकारचे एक साधन फ्रान्समध्येच तयार केले होते. परंतु पुष्कळ हवा दाबून भरता येईल अशी भक्कम नळकांडी त्या काळी नव्हती. त्यामुळे ते साधनही बहुतेक वेळा वरच्या नळीवरच अवलंबून राहिले. एका पिढीला सुचलेला विचार पूर्ण होण्यासाठी पुष्कळदा दुसऱ्या पिढीची साधने यावी लागतात.

या नियंत्रकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. नळकांड्यात हवा वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबाखाली कोंडलेली असते. ती तशीच तोंडात आली तर माणूस वाचणार नाही. म्हणून पहिली झडप तो प्रचंड दाब पुष्कळ उतरविते. तेथून हवा एका लहान डबीकडे येते. या डबीची एक बाजू लवचिक पडद्याची असते. पडद्याच्या बाहेर समुद्राचे पाणी आणि आत श्वासाची हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत वाकतो, एक लहान दांडी दाबली जाते आणि झडप उघडून हवा येते. श्वास थांबला की पडदा पूर्वस्थितीवर जातो व झडप मिटते. पाण्याचा दाब वाढला तर तोही याच पडद्यावर पडतो. त्यामुळे खोलीला अनुरूप अशा दाबाची हवा आपोआप मिळते. हाताने काही फिरवावे लागत नाही की हवा वाया जात नाही. जणू सागर स्वतःच आपल्या भाराचे माप त्या पडद्याच्या कानात सांगतो!

1943 सालच्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या थंडगार पाण्यात या उपकरणाची पहिली परीक्षा झाली. आडवे पोहताना हवा उत्तम मिळाली. परंतु कुस्तो उभे राहताच हवा भसाभसा बाहेर पडून वाया जाऊ लागली, आणि डोके खाली करताच श्वास घेणे कठीण झाले. दोघेही खिन्न मनाने परत निघाले. एखाद्याने आडवे पोहण्यापुरते तरी हे चालते, असे म्हणून समाधान मानले असते. पण जे साधन उभ्याने एक आणि उलट्याने दुसरे वागते, त्याच्या हाती प्राण कसे द्यावेत? विचार करता करता दोष उमगला. उच्छ्वास बाहेर जाण्याची वाट ही श्वास आत येण्याच्या जागेपासून सुमारे 15 सेंटीमीटर अंतरावर होती. माणूस उभा राहिला की एक वर व दुसरी खाली होई. एवढ्याशा अंतराने पाण्याचा दाब बदले आणि झडपेचा तोल बिघडे. दोन्ही वाटा एकमेकींजवळ आणताच दोष नाहीसा झाला. पाण्याच्या टाकीत उभे राहून, आडवे होऊन, डोके खाली करून पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा श्वास सर्व बाजूंनी सारखाच आला.

त्याच वर्षी जून महिन्यात बांदोल येथील रेल्वे स्थानकावर एक लाकडी पेटी येऊन पोचली. पेटीत तीन नळकांडी, त्यांवर नियंत्रक आणि तोंडाकडे जाणाऱ्या दोन नळ्या असा सरंजाम होता. कुस्तो, तायए, द्युमा व सिमोनबाई समुद्राकाठच्या एका निवांत जागी गेली. देश परक्यांच्या अंमलाखाली होता, त्यामुळे या कामाचा बोभाटा होऊन चालणार नव्हते. सिमोनबाई पृष्ठभागावर पोहत राहून पतीवर नजर ठेवणार होत्या. काही विपरीत घडलेच, तर धावून जाण्यासाठी द्युमा काठावर सज्ज होते. कुस्तो पाण्यात शिरले. श्वास घेताना हलकासा शिट्टीसारखा आवाज होई आणि सोडताना बुडबुड्यांची खळखळ ऐकू येई. नळी नाही, दोर नाही, वरून कोणाची ओढ नाही! त्यांनी कोलांट्या घेतल्या, डोके खाली करून पाहिले, एका बोटावर तोल सावरला; श्वास कोठेही अडला नाही. सुमारे 18 मीटर खोल जाऊन ते एका गुहेत शिरले, तो तिच्या छताला शेवंडे लटकलेले दिसले. त्यांतील काही त्यांनी वर नेऊन सिमोनबाईंच्या हाती दिले. उपासमारीच्या त्या दिवसांत मंडळींना मेजवानी घडली. त्या एका उन्हाळ्यात या मित्रांनी शेकडो बुड्या घेतल्या.

मुलांनो, येथे कथा संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु ती सत्य झाली नसती. साधन कितीही उत्तम असले, तरी माणसाची सावधगिरी सुटली की संकट येतेच. 1946 साली कुस्तो व द्युमा हे दक्षिण फ्रान्समधील व्होक्ल्यूझ या प्रसिद्ध झऱ्याच्या विवरात उतरले. अंधाऱ्या पाण्यात खोल गेल्यावर दोघांनाही गुंगी येऊ लागली. द्युमांच्या तोंडातून नळी निसटली. वर दोर धरून बसलेले त्यांचे सहकारी मोरीस फार्ग यांनी अखेर दोर ओढून त्यांना बाहेर काढले, म्हणून दोघे वाचले. नियंत्रकात काही दोष नव्हता. मग घडले तरी काय? नळकांड्यांतील हवेची तपासणी केली तेव्हा उलगडा झाला. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर आत ओढून घेतला होता आणि तोच हवेबरोबर नळकांड्यांत भरला गेला होता. उपकरण निर्दोष, परंतु त्यातून मिळणारी हवाच दूषित!

पुढच्याच वर्षी याहून दारुण प्रसंग ओढवला. संकोचित हवा घेऊन माणूस किती खोल जाऊ शकतो, याचा शोध ही मंडळी घेत होती. खोल पाण्यात हवेतील नायट्रोजन वायू माणसाला मद्याप्रमाणे धुंद करतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. 1947 साली तेच फार्ग एका दोराच्या आधाराने 120 मीटर खोलीपर्यंत गेले. त्या दोरावर ठिकठिकाणी पाट्या बांधल्या होत्या. पोचल्याची खूण म्हणून पाणबुड्याने त्यांवर सही करावयाची होती. फार्ग यांची सही सर्वांत खालच्या पाटीवर सापडली. फार्ग मात्र जिवंत परतले नाहीत. ज्याने आपले प्राण वाचविले, त्याचे प्राण कुस्तो वाचवू शकले नाहीत. हे दुःख घेऊनच त्यांना पुढे जावे लागले. सागराने मनुष्याला आत येऊ दिले आहे, परंतु मर्यादा ओलांडण्याची अनुज्ञा दिलेली नाही, हे त्या दिवशी सर्वांस कळून चुकले. आज हौशी पाणबुड्यांसाठी 40 मीटर ही खोलीची मर्यादा सामान्यतः मानली जाते.

युद्धानंतर कुस्तो व त्यांचे सहकारी यांनी नौदलासाठी पाण्याखालील संशोधनाचे पथक उभारले आणि समुद्रात पेरलेले सुरुंग शोधण्यासारखी जोखमीची कामे केली. हळूहळू नवे साधन सर्वत्र विकले जाऊ लागले. 1950 साली सुरुंग काढणारे एक जुने जहाज कुस्तोंना मिळाले. एका उदार इंग्रज गृहस्थाने ते वर्षाला केवळ एक फ्रँक भाड्याने त्यांना दिले होते. कॅलिप्सो हे त्या जहाजाचे नाव. ते सुसज्ज करण्यासाठी सिमोनबाईंनी आपले दागिने विकले. या जहाजातून कुस्तोंनी तांबडा समुद्र, हिंदी महासागर व इतर अनेक सागर धुंडाळले. त्यांनी लिहिलेले निःशब्द जगाविषयीचे पुस्तक 1953 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच नावाच्या त्यांच्या चित्रपटाला 1956 साली कान येथील महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. सागराचे अंतरंग पाहण्याचे भाग्य ज्यांना कधी लाभले नसते, अशा लक्षावधी लोकांना ते घरबसल्या लाभले.

त्या चित्रपटातील काही प्रसंग मात्र आज पाहवत नाहीत. त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळाच्या खडकावर सुरुंग उडविलेला दिसतो आणि शार्क माशांची निर्दय हत्याही दिसते. परंतु नदीत उपकरणाचा दोष ज्यांनी झाकला नाही, त्यांनी पुढे आपल्या वृत्तीतला दोषही झाकला नाही. वर्षानुवर्षे त्याच पाण्यात उतरताना तेथील जीवन क्षीण होत चालल्याचे कुस्तोंनी डोळ्यांनी पाहिले आणि सागराचा शिकारी सागराचा रक्षक झाला. 1960 साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याची योजना निघाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत ते पुढे होते. दक्षिण ध्रुवावरील खंड खाणींपासून वाचावा म्हणून त्यांनी लाखो लोकांच्या सह्या गोळा केल्या, आणि 1991 साली अनेक राष्ट्रांनी तेथील खाणकामास बंदी घालणारा करार केला. या काळात त्यांच्यावर घोर आघातही झाले. धाकटा मुलगा फिलिप 1979 साली विमान अपघातात दगावला. 1990 साली सिमोनबाई निवर्तल्या. 1996 साली सिंगापूरच्या बंदरात धडक बसून कॅलिप्सो बुडाले. 25 जून 1997 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, पॅरिस येथे कुस्तोंनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्या जन्मगावीच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आज आपल्या मालवण-तारकर्लीच्या समुद्रात किंवा गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाणबुडे उतरतात, तेव्हा त्यांच्या मुखी त्याच नियंत्रकाचा सुधारलेला अवतार असतो. पाठीमागच्या दोन जाड नळ्या गेल्या. त्याऐवजी नळकांड्यावर एक भाग आणि तोंडाशी दुसरा भाग, अशी रचना रूढ झाली. एखाद्या सोबत्याची हवा संपली तर त्याला देण्यासाठी एक जादा मुखभाग असतो. तो चटकन दिसावा म्हणून पुष्कळदा पिवळ्या रंगाचा करतात. नळकांड्यात किती हवा उरली हे दाखविणारा दाबमापकही जोडलेला असतो. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी, योग्य शिक्षण घेऊन, असा पहिला संच निवडण्यास जाईल. त्या वेळी दुकानातील चकाकी किंवा किंमत यांवर भुलू नये. कुस्तोंनी नदीत विचारले तेच प्रश्न विचारावेत. उभे, आडवे, उलटे, कसेही असलो तरी श्वास सहज येतो काय? मुखभाग दातांत नीट बसतो काय? आपण जी नळकांडी वापरणार, त्यांना हा संच जुळतो काय? त्याची वेळच्या वेळी तपासणी व दुरुस्ती करणारा जाणता कारागीर जवळपास आहे काय? आणि प्रत्येक बुडीनंतर तो गोड्या पाण्याने धुऊन ठेवण्याचा नेम आपल्याकडून पाळला जाईल काय? शेवटचा प्रश्न वस्तूविषयी नसून स्वतःविषयी आहे; म्हणून तोच सर्वांत महत्त्वाचा.

ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे, तिची निवड घाईने करू नये; तिच्यातील दोष लपवू नये; आणि ती निर्दोष ठरल्यावरही स्वतःची सावधगिरी सोडू नये. सरोवराच्या तळातून वाळक्या फांद्या काढणाऱ्या त्या अशक्त मुलाच्या आयुष्याने आपल्याला दिलेली ही शिकवण आहे. पाण्याखाली उतरणाऱ्या प्रत्येक पाणबुड्याच्या मुखातून बुडबुड्यांची एक माळ वर जात असते. ती पाहताना मार्न नदीच्या थंड पाण्यातून खिन्न मनाने परतलेले आणि तरीही हार न मानलेले ते दोन पुरुष आपण आठवावेत.